दोन दारांमधली जागा

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, एका सोमवारी, पहिल्या पाळीत, वणी तालुक्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत एका प्रशिक्षणार्थीने आमच्या प्रशिक्षकाच्या डोक्यात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घातली. प्रशिक्षक त्या वेळी गुडघ्यांवर बसून एका बंद दाराच्या खालच्या फटीत तोंड घालून बोलत होते. दाराच्या पलीकडे त्या प्रशिक्षणार्थीचा थोरला भाऊ होता. मी जवळच परद्याचं एक टोक धरून उभा होतो.

त्याआधी काही वर्षं मी एका दैनिकाच्या वणी कार्यालयात बातम्या लिहीत होतो. आमची शेती खाणीत गेली, बदल्यात घरात एक नोकरी आली, ती मी घेतली. मला हवेच्या कामाला लावलं. खाणीत हवा नीट फिरते की नाही हे पाहायचं, ती मोजायची, अडेल तिथे वाट करून द्यायची. त्याचं प्रशिक्षण आम्ही सहा जण घेत होतो. बहुतेक सगळे आसपासच्या गावांतले होते. एक दारव्ह्याचा होता. त्याच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत, आणि तो पदविका घेऊन परीक्षा देऊन आला होता. आणखी एक होता, ज्याच्या घरची शेती दोन तुकड्यांत गेली म्हणून घरात दोन नोकऱ्या आल्या. पहिली थोरल्या भावाला मिळाली. तो त्याच खाणीत छताला टेकू लावायचं काम करायचा. दुसरी याला. त्याला सगळे धाकटा म्हणत.

प्रशिक्षक निवृत्तीला आले होते. त्यांना मास्तर म्हणत. सकाळी फाटकावर पहारेकऱ्याला ‘जय भीम’ घालत, आणि त्यानंतर चहा मिळेपर्यंत कुणाशी बोलत नसत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं. एका जुन्या स्फोटात तो गेला असं लोक सांगत. मास्तरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बायको डाव्या बाजूनं झोपते.” आम्हाला त्यांच्याविषयी काही बोलायचं असेल तर आम्ही त्यांच्या डावीकडे उभे राहत असू.

शिकवायची त्यांची पद्धत मारण्याची होती. चुकलं की चापट. पुन्हा चुकलं की पट्टा. हे नियमात बसत नाही, असं दारव्ह्याच्या मुलाने पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं. मास्तरांनी नीट ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

“हे बी नाही बसत,” ते म्हणाले. “जाय, तक्रार कर. तोवर त्या दाराजवळ उभा राह्य.”

खाणीत हवा एका वाटेने आत जाते, कोळसा काढतात तिथवर पोचते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर येते. दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी मोठा पंखा असतो, तो हवा ओढतो. दोन्ही वाटा शेजारून चालतात, मध्ये कोळशाची जाड भिंत. माणसाला किंवा सामानाला एका वाटेतून दुसरीत जायचं असेल तर या भिंतीत मध्येच एक बोळ ठेवतात आणि बोळात एकामागे एक दोन दारं बसवतात. पहिलं उघडायचं, आत शिरायचं, ते लावायचं, मग दुसरं उघडायचं. दोन्ही एकदम उघडी राहिली तर हवा जवळची वाट धरते. दारातूनच परत फिरते आणि पुढे काम करणाऱ्यांपर्यंत जात नाही. हे समजायला वेळ लागत नाही. मास्तर ते रोज शिकवत.

दारं जाड फळ्यांची होती, लोखंडी पट्ट्या मारलेली. ताज्या हवेच्या बाजूला उघडत. त्या बाजूने हवेचा दाब असल्यामुळे सोडली की आपोआप मिटत. उघडायला दोन माणसांचा जोर लागे, म्हणून दाराशेजारी एक सब्बल कायम टेकवलेली असे. फटीत घालून दार ओढायला.

एका दुपारी मास्तरांनी दारव्ह्याच्या मुलाचा जेवणाचा डबा मागितला. त्याने दिला. मास्तरांनी आम्हाला दार ओढून धरायला लावलं, डबा चौकटीत ठेवला आणि म्हणाले, “सोडा.” दार मिटलं. डबा काढला तेव्हा तो पाटीसारखा चपटा झाला होता, आतली पोळी झाकणाच्या कडेतून बाहेर आली होती.

“ही तुही बोटं,” मास्तर म्हणाले. “दाराच्या चौकटीत हात ठेवनार?”

“नाही.”

“डबा कोनाचा होता?”

“माझा.”

“मंग तू तं जिंदगीभर नाही विसरनार.”

दारव्ह्याचा मुलगा त्या दिवशी आमच्या डब्यांतून जेवला. मास्तरांनी त्याला आपल्यातलं काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा डबा आणून दिला, त्यावर त्यांच्या मुलीचं नाव कोरलेलं होतं.

दुसरा धडा मेलेल्या हवेचा होता. एक जुनी गल्ली होती, तिथे कोळसा काढून झाला होता आणि हवा जात नव्हती. तोंडाशी आडवी फळी मारलेली. मास्तर एकेकाला कॉलर धरून फळीपलीकडे वाकवत आणि दुसऱ्या हाताने ज्योतीचा दिवा खाली नेत. दिवा जमिनीकडे जाताना ज्योत बारीक व्हायची, मग निळसर, मग विझायची. माणसाला त्यांनी तेवढ्यातच ओढून घेतलं तर ठीक. पण ते एक-दोन श्वास थांबत. मला आठवतं ते असं, की काहीच वाटलं नाही. वास नाही, ठसका नाही. फक्त गुडघे माझे नव्हते. मग मी बाहेर ताज्या हवेत पडलेलो होतो आणि मास्तर माझ्या गालावर मारत होते.

“काय झालं?”

“काही नाही.”

“तेच,” ते म्हणाले. “काहीच होत नाही. आन माणूस मरते.”

धाकट्याची पाळी आली तेव्हा तो त्यांच्या हातातून सुटायला धडपडला. त्याचं कोपर मास्तरांच्या ओठावर बसलं, रक्त आलं. मास्तरांनी थुंकून पुन्हा त्याला वाकवलं आणि इतरांपेक्षा एक श्वास जास्त ठेवलं. बाहेर आल्यावर धाकटा ओकला. त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागला.

आता दोन दारांमधल्या जागेविषयी. ती एका डब्यापुरती होती, म्हणजे कोळसा वाहायच्या एका लोखंडी डब्याच्या लांबीची. बोळ खोदला तेव्हा तेवढी पुरेशी होती. पुढे छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांबसुद्धा काढायचं काम सुरू झालं. छत तोलायला लांब लाकडी बल्ल्या लागू लागल्या. बल्ली त्या जागेपेक्षा लांब होती. ती घेऊन आत शिरलं की मागचं दार लागत नसे. लावायचं तर पुढचं उघडलेलं पाहिजे, आणि पुढचं उघडायचं तर मागचं लावलेलं पाहिजे. बल्ली वाहणाऱ्यांनी यावर एक उपाय काढला होता. जुन्या पट्ट्याची, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या रबरी पट्ट्याची एक फीत कापून ते पहिलं दार भिंतीतल्या खिळ्याला उघडं बांधून ठेवत. मग एकच दार उघडायचं काम उरे. बल्ली सरळ जाई. पाळी संपली तरी फीत कुणी सोडत नसे.

मास्तर ती रोज सकाळी चाकूने कापत. बल्लीवाले रोज नवी बांधत. मास्तरांनी व्यवस्थापनाला तोंडी सांगितलं होतं की दुसरं दार मागे घेऊन जागा वाढवा. या विभागातला कोळसा लवकरच संपणार आहे, असं उत्तर मिळालं.

बल्लीवाल्यांमध्ये धाकट्याचा थोरला भाऊ होता. ऐन प्रशिक्षणात, आमच्या समोर, मास्तरांनी त्याला दाराशी गाठलं. त्याच्या खांद्यावर बल्लीचं एक टोक होतं, दुसरं टोक मागच्या माणसाच्या खांद्यावर.

“दार कोनं बांधलं?”

“म्या.”

“काहून?”

“बल्ली लांब हाय मास्तर. दोन दाराच्या मंधात मावत नाही. तुम्ही बल्ली वाकवून द्या, मी दार लावतो.”

मागचा माणूस हसला. आमच्यातलेही दोघे हसले. मास्तरांनी थोरल्याच्या कानाखाली मारली. बल्ली खाली पडली, मागच्याच्या पायावरून घसरली, तो शिव्या देत एका पायावर नाचू लागला. थोरल्याने मास्तरांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. हेल्मेट वाजलं.

“पुन्हा हात उचलला तं हात नाही ठेवनार.”

“पह्यले दार लाव,” मास्तर म्हणाले. “मंग माहा हात तोड.”

थोरल्याने त्यांना सोडलं. बल्ली उचलली आणि गेला. मास्तरांनी चाकू काढून फीत कापली. धाकटा हे सगळं पाहत उभा होता. त्या दिवशी वर आल्यावर चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “माह्या दादाले बापानं कधी हात नाही लावला. हा कोन?”

मी म्हणालो, दादानेही त्यांना आपटलंच.

“आपटलं म्हनून काय झालं. मारलं तं यानंच पह्यले.”

ही दोन माणसं एकमेकांना खातील, असं टपरीवाला म्हणाला. तो हे कुणाहीबद्दल म्हणायचा.

त्या सोमवारी आमचा धडा परद्याचा होता. भिंत पडली किंवा दार मोडलं तर तात्पुरता अडोसा म्हणून जाड गोणपाटाचा परदा ठोकतात. लाकडी चौकट, वरून कापड, खिळे, आणि खालच्या कडेवर कोळशाचा चुरा, म्हणजे हवा खालून निघत नाही. आम्ही तो आठवडाभर वाईट ठोकत होतो. मास्तर येऊन एका हाताने ओढत आणि सगळा खाली येई. बोळाच्या तोंडाशी, ताज्या हवेच्या बाजूला, कापडाची गुंडाळी आणि खिळ्यांचा डबा घेऊन आम्ही बसलो होतो. पहिलं दार फितीने उघडं बांधलेलं होतं. मास्तरांना वरून यायला उशीर झाला होता आणि त्यांनी ती अजून कापली नव्हती. ते आले, फितीकडे पाहिलं, खिशात चाकूसाठी हात घातला.

आधी कान बंद झाले. मग आवाज आला, पण तो मला आवाज म्हणून आठवत नाही, पाठीत कुणी लाथ घालावी तसा आठवतो. आत, जिथला कोळसा काढून पोकळी सोडली होती, तिथलं छत एकदम बसलं होतं. तिथली सगळी हवा दोन्ही वाटांनी बाहेर फेकली गेली. मी भिंतीवर आदळलो. हेल्मेट दिव्याच्या वायरीसकट गळ्याशी लोंबत होतं. वारा एवढा होता की त्यातले खडे कपड्यांतून टोचत होते. बांधलेलं दार बिजागऱ्यांसकट उपटून निघालं, फितीवर एकदा गरकन फिरलं, फीत तुटली आणि दार दारव्ह्याच्या मुलाच्या पायांवर पडलं. त्याचं नडगीचं हाड मोडलं. ते मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, दिसलं.

मग वारा उलटा फिरला, आतल्या बाजूला, आणि थांबला. धूळ एवढी की दिव्याचा उजेड हातापलीकडे जात नव्हता. थोड्या वेळाने गालावर हवा लागू लागली. पंखा चालू होता.

आतून ताज्या हवेच्या वाटेने तीन माणसं आली. तिघांच्याही कानांतून रक्त येत होतं. पहिला सरदार होता, म्हणजे गॅस तपासणारा मुकादम. तो उभं राहून बोलू शकत नव्हता, मास्तरांच्या खांद्याला धरून बोलला.

“चार जन आतच हायेत. एकाचा पाय लाकडाखाली दबला. बाकीचे काढून राह्यले.”

“हवा कशी हाय तिथं?”

“जाऊन राह्यली. थोडी थोडी.”

“माहा दादा?” धाकट्याने विचारलं.

सरदार म्हणाला, तो त्या चौघांत नाही. छत बसायच्या थोडं आधी तो दुसऱ्या वाटेत परदा बांधायला गेला होता. दुसरी वाट म्हणजे वापरलेली हवा बाहेर येते ती. पोकळीतली मेलेली हवा आता तिकडूनच बाहेर पडत होती.

तेव्हा बोळातून ठोकल्याचा आवाज आला. दगडाने लाकडावर, तीनदा. दारातून जायचं असलं की पलीकडच्याला कळावं म्हणून आम्ही असंच ठोकायचो. आवाज दुसऱ्या दारामागून येत होता.

मास्तर बोळात शिरले, मागे धाकटा, मागे आम्ही. दुसरं दार उभं होतं. मास्तरांनी दिवा वर नेला, मग खाली. वरची बिजागरी गेली होती. खालचीचा एक खिळा उरला होता. चौकट उभी फाटली होती. दाराला जागेवर धरून ठेवलं होतं ते हवेच्या दाबाने. एका बाजूला पंखा ओढत होता, दुसऱ्या बाजूने हवा ढकलत होती, आणि मध्ये ती फळ्यांची पाटी चिकटून राहिली होती.

पुन्हा तीनदा ठोकलं. आतून दार ढकलायची ताकद त्या माणसात नव्हती.

“सब्बल दे,” धाकटा मला म्हणाला.

“नाही,” मास्तर म्हणाले. “हे दार ओढलं का हाती येते. पह्यलं तं गेलंच. मंग सगळी हवा इथूनच वापस. आतल्या चौघायले काहीच नाही.”

“दादा हाय तो.”

“मालूम हाय मले. पह्यल्या दाराच्या चौकटीत परदा ठोका. मंग हे उघडू. चला, लवकर. आज पडला नाही पाह्यजे.”

आम्ही परत फिरलो. गुंडाळी उलगडली. चौकटीची एक बाजू शाबूत होती, दुसऱ्या बाजूला एक तुटकी बल्ली टेकवून धरावी लागली. माझ्याकडे वरचं डावं टोक आलं. दारव्ह्याचा मुलगा मोडका पाय पसरून खाली पडलेला होता, तो डब्यातून खिळे काढून वर देत होता. धाकटा आला नाही. तो मास्तरांच्या मागे उभा राहिला.

मास्तर गुडघ्यांवर बसले. उजवा कान दाराशी लावला, मग वाकून तोंड खालच्या फटीशी नेलं. तिथे दार जमिनीपासून बोटभर वर होतं. ओरडले तेव्हा आम्हाला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

“ठोकू नको. खाली झोप. फटीले तोंड लाव. इकडून ताजी हवा येऊन राह्यली, तेवढीच घे. उठू नको.”

पुन्हा एकदा ठोकल्याचा आवाज आला. फक्त एकदा.

“झोप म्हनतो ना बे. झोप. तोंड फटीले.”

आवाज थांबला.

“थांबला,” धाकटा म्हणाला.

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. तो त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता.

“थांबला तो. मेला. दादानं आपटलं त्याचा बदला घेतला तुम्ही.”

मास्तर फटीत बोलतच होते. धाकट्याने भिंतीशी टेकवलेली सब्बल उचलली. आमच्यातल्या एकाने “अबे” म्हटलं. पहिला घाव हेल्मेटवर बसला, हेल्मेट फुटून दोन बाजूंना गेलं. दुसरा कानामागे बसला. मास्तर आडवे पडले, दाराच्या उंबऱ्याच्या लांबीने.

धाकट्याने त्यांच्या अंगावर पाय ठेवून सब्बल दाराच्या उभ्या फटीत घातली आणि जोर लावला. दाराचा वरचा कोपरा सुटला. शिट्टी वाजावी तशी हवा त्यातून जाऊ लागली. माझ्या हातातलं कापड गालावर फडफडत होतं ते बोळाच्या आत ओढलं जाऊ लागलं.

दोन प्रशिक्षणार्थी आणि सरदाराबरोबर आलेल्यांतला एक जण त्याच्यावर तुटून पडले. सब्बल काढून घेताना एकाच्या हाताचं हाड मोडलं. मग त्यांनी त्याला मारलं. बुटांनी, कमरेच्या दिव्याच्या बॅटऱ्यांनी, एकाने तुटलेल्या दाराच्या लोखंडी पट्टीने. तो खाली पडल्यावरही मारत होते. तो “दादा, दादा” म्हणत होता, मग म्हणायचा थांबला. त्याचे पुढचे दात गेले, दोन बरगड्या गेल्या. सरदाराबरोबर आलेला जो माणूस मारत होता त्याच्या स्वतःच्या कानांतलं रक्त मानेवरून वाहत होतं आणि तो शिव्या न देता मारत होता. सरदाराने ओरडून सांगितलं, “आत चार हायेत, परदा ठोका पह्यले,” तेव्हा ते थांबले. दाराची जी फीत तुटून पडली होती तिने धाकट्याचे हात मागे बांधले.

या वेळात मास्तरांचं शरीर उंबऱ्यावरून बाजूला झालं. ते कसं झालं हे मी पाहिलं नाही.

परदा ठोकला. खालच्या कडेवर चुरा ओढला. कापड आतल्या बाजूला फुगलं, ताणलं गेलं आणि तसंच राहिलं. सरदाराने एका हाताने ओढून पाहिलं. पडला नाही. सुटलेल्या कोपऱ्यातली शिट्टी बंद झाली.

दुसरं दार दोघांनी धरून ओढलं. ते हातात आलं, मास्तरांनी सांगितलं होतं तसं.

थोरला उंबऱ्यावर पालथा होता. गाल जमिनीला, ओठ दार होतं त्या रेषेशी. उजव्या हाताखाली दगड होता. सरदाराने त्याला उताणं केलं. तो श्वास घेत होता. त्याला परद्यातून बाहेर काढलं. आतले चारही जण थोड्या वेळाने आले, तिघे चालत आणि एक दोघांच्या खांद्यांवर.

स्ट्रेचर एकच होतं. त्यावर मास्तरांना नेलं. थोरला आणि धाकटा एकाच डब्यातून वर गेले. थोरला शुद्धीवर होता. त्याच्यासमोर हात मागे बांधलेला, तोंड सुजलेला धाकटा बसला होता. थोरल्याने सरदाराला विचारलं, “याले कोनं मारलं?” सरदार म्हणाला, “वर गेल्यावर सांगतो.”

मास्तर त्याच आठवड्यात नागपूरच्या रुग्णालयात वारले. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

खटला उभा राहिला. बचावाचं म्हणणं सोपं होतं. मयताचं आरोपीच्या भावाशी भांडण होतं, ते चार लोकांसमोर झालं होतं. मयताने दार उघडू दिलं नाही. आतला माणूस ठोकायचा थांबला, म्हणजे तो बेशुद्ध झाला. भाऊ डोळ्यांसमोर मरतो आहे असं पाहून आरोपीचं भान सुटलं. आम्ही मास्तरांचे शब्द ऐकले होते आणि तसं सांगितलं. पण ते शब्द आतल्याने ऐकले का, तो त्यामुळे थांबला की हवेमुळे, हे एकच माणूस सांगू शकत होता.

त्याच्या साक्षीच्या दिवशी सकाळी तो मला न्यायालयाबाहेरच्या चहाच्या गाडीवर भेटला. जवळच त्याची आई बसली होती, पदराने तोंड झाकून. त्याने मला चहा दिला.

“आई म्हनते, शुद्ध गेलती म्हन,” तो म्हणाला. “काही ऐकू नाही आलं म्हन.”

“आणि तू?”

“मी काय. त्याले जामीन बी नाही भेटून राह्यला. दात नाहीत पोट्ट्याले, भाकर चुरून खाते.” त्याने कप गाडीवर ठेवला. “आई म्हनते, मास्तर तं गेला. हा तरी घरी येईन.”

आई म्हणाली, “खोटं कुठी सांगून राह्यली मी? शुद्ध जातेच अशा टायमाले.”

माझी साक्ष आधी झाली होती, म्हणून मी आत बसू शकलो. सरकारी वकिलाने त्याला विचारलं की तो दारावर ठोकायचा का थांबला.

“मास्तरनं सांगतलं. ठोकू नको. खाली झोप, फटीले तोंड लाव.”

“तुम्ही तसं केलं?”

“हो.”

“मग?”

“हवा आली. थंडी होती. मी घेत राह्यलो.” वकिलाने पुढे बोलायला सांगितलं. “मंग काहीतरी आडवं पडलं आन हवा थांबली.”

“काय पडलं ते कळलं?”

“तवा नाही.”

“किती वेळ थांबली?”

“ते नाही सांगता येत. मले वाटलं आता झालं. मंग पुन्हा आली.”

“कशी?”

“जे आडवं होतं ते सरकलं.”

धाकटा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, तुमची शुद्ध गेली होती का. तो म्हणाला, नाही. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “नाही साहेब. मले सगळं ऐकू येत होतं. माहा भाऊ बी ऐकू येत होता.”

दारव्ह्याच्या मुलाने साक्षीत सांगितलं की त्याने पडल्या जागेवरून मास्तरांचा बूट धरून ओढलं होतं, पण ते ओढायच्या आधीच कुशीवर वळलेले होते. तसा घाव बसल्यावर माणूस स्वतः हलू शकतो का, हे डॉक्टरांना विचारण्यात आलं. खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

धाकट्याला सदोष मनुष्यवधासाठी सश्रम कारावासाची शिक्षा झाली. अपील प्रलंबित आहे. आई त्याला भेटायला जाते. थोरला तिला तुरुंगाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडतो. तो आत जात नाही. धाकट्याने त्याला भेटायला नकार दिला आहे.

मी आता त्याच खाणीत हवा मोजतो. त्या विभागातला कोळसा अजून संपलेला नाही. दुसरं दार बोळात मागे घेतलं आहे. थोरला त्याच पाळीत बल्ल्या वाहतो. दोन दारांमध्ये आता बल्ली मावते.